टोकनवर कर घेता, मग टोकन विकणाऱ्याला विचारणार कोण?

प्रति,
केंद्रीय अर्थ मंत्रालय, नवी दिल्ली
(माहितीसाठी प्रत : सेबी आणि रिझर्व्ह बँक)

विषय : नवे क्रिप्टो टोकन (डिजिटल नाणे) लोकांना विकण्याआधी विक्रेत्याने सहीनिशी माहितीपत्रक देणे बंधनकारक करण्याबाबत.

महोदया, महोदय,

गेल्या महिन्यात एका सरकारी पोर्टलवर मी नोंदवलेली तक्रार बंद करण्यात आली. उत्तर एका ओळीचे होते. ‘सदर विषय या कार्यालयाच्या कार्यकक्षेत येत नाही.’ मग तो कोणाच्या कार्यकक्षेत येतो, याबद्दल अक्षर नाही. दुसऱ्या कार्यालयाला लिहिले, तर त्यांनी पहिल्याकडे बोट दाखवले. या दोघांच्या वर आपण आहात, म्हणून हे पत्र आपल्याला, आणि बंद पाकिटातून न पाठवता उघडपणे.

मी कराडची सनदी लेखापाल. माझ्याकडे गूळ व्यापारी येतात, दवाखानेवाले डॉक्टर येतात, ऊस वाहतूकदार येतात, निवृत्त शिक्षक येतात. तक्रार ज्यांची होती ते निवृत्त मुख्याध्यापक. त्यांना सगळा गाव गुरुजी म्हणतो, मीही तेच म्हणते. गुरुजींनी आधी एका एक्सचेंजवर (क्रिप्टोच्या खरेदी-विक्रीच्या ऑनलाइन बाजारात) थोडे बिटकॉइन घेतले होते आणि त्यात त्यांना एक लाखाच्या आसपास नफाही झाला. मग ओळखीतल्या एकाने त्यांना एका नव्या टोकनच्या प्रीसेलमध्ये, म्हणजे बाजारात येण्याआधीच्या विक्रीत, आणले. ‘लिस्टिंगच्या दिवशी (टोकन खुल्या बाजारात येईल त्या दिवशी) दहापट’ हा नेहमीचा वायदा. बिटकॉइन विकून आलेले मुद्दल आणि नफा, दोन्ही त्या टोकनमध्ये गेले. लिस्टिंग झाले, भाव काही आठवडे वर गेला, मग एका रात्रीत शून्यावर आला. टेलिग्राम ग्रुपवर आधी फक्त ॲडमिनला लिहिता येईल अशी सोय झाली, नंतर ग्रुपच दिसेनासा झाला.

जुलैमध्ये गुरुजी विवरणपत्र भरायला आले, तेव्हा मला त्यांना सांगावे लागले की बिटकॉइनवरच्या नफ्यावर ३० टक्के कर आणि त्यावर ४ टक्के उपकर, म्हणजे सुमारे ३१,२०० रुपये भरावे लागतील. त्यांनी विचारले, ‘आणि बुडाले त्याचे काय?’ त्याचे काही नाही. २०२२ च्या अर्थसंकल्पाने आणलेल्या नियमानुसार एका टोकनमधला तोटा दुसऱ्या टोकनमधल्या नफ्यातून वजा होत नाही, पुढच्या वर्षीही ओढता येत नाही. किराणा दुकानदाराला ही मुभा आहे, शेअर घेणाऱ्याला आहे, फ्युचर्समध्ये हात पोळून घेणाऱ्यालाही आहे. गुरुजींना नाही. शिवाय त्यांच्या वॉलेटमध्ये, म्हणजे क्रिप्टो ठेवायच्या डिजिटल पाकिटात, ते टोकन अजून दिसते आहे. विकायला गिऱ्हाईक नाही, म्हणून तोटा ‘झाला’ असे कागदावर म्हणायचीही पंचाईत.

हे पत्र क्रिप्टोवर बंदी घाला म्हणून नाही, हे आधीच स्पष्ट करते. बंदीचा एक प्रयोग होऊन गेला आहे. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०१८ मध्ये बँकांना या धंद्यापासून दूर राहायला सांगितले, ते परिपत्रक सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२० मध्ये रद्द केले. पुढे २०२१ च्या हिवाळी अधिवेशनाच्या कामकाजाच्या यादीत एक विधेयक होते, ते मांडलेच गेले नाही. त्यानंतर आला कर. १ एप्रिल २०२२ पासून ३० टक्के, १ जुलै २०२२ पासून व्यवहारावर १ टक्का टीडीएस. मार्च २०२३ मध्ये मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायद्याच्या कक्षेत हे व्यवहार आणले गेले. त्या अधिसूचनेत काय लिहिले आहे ते आपल्याला ठाऊक असेलच, वाचकांसाठी सांगते. त्यात एक्सचेंज आहेत, वॉलेट सांभाळणारे आहेत आणि पाचव्या क्रमांकावर टोकन काढणाऱ्याच्या विक्रीशी संबंधित वित्तीय सेवा देणारेही आहेत. म्हणजे टोकन ‘काढणारा’ कोणीतरी असतो आणि तो ते लोकांना ‘विकतो’, हे सरकारला माहीत आहे आणि राजपत्रात छापूनही झाले आहे. काळा पैसा पकडायला तो विक्रेता सरकारला दिसतो. गुरुजींच्या बाजूने बघताना मात्र दिसत नाही. माझी मुख्य तक्रार ही.

‘नियम केले तर या गोष्टीला मान्यता दिल्यासारखे होईल’ असा युक्तिवाद दिल्लीतून वेळोवेळी कानावर येतो. दिल्लीत तो पटत असेल. कराडजवळच्या एका मंगल कार्यालयात नव्या टोकनची सभा होती, एका क्लायंटच्या आग्रहावरून मी मागच्या रांगेत जाऊन बसले. स्टेजवर गणपतीची तसबीर, शेजारी प्रोजेक्टर. कोट घातलेला मुलगा चांगला बोलत होता. तिसऱ्या की चौथ्या स्लाइडवर त्याने काय दाखवले असेल? टोकनची माहिती नव्हे. आयकराचा नियम. ३० टक्के हा आकडा लाल अक्षरांत. ‘सरकार तीस टक्के घेतंय, म्हणजे धंदा एक नंबरचा आहे की नाही?’ सभागृहातून ‘आहे!’ असा आवाज आला. पुढची स्लाइड टीडीएसची. आपल्या खात्यात कापलेला टीडीएस दिसतो, याचा अर्थ सरकारदरबारी नोंद झाली, असे त्याने सांगितले आणि लोकांनी माना डोलावल्या.

तेव्हा मान्यता द्यायची की नाही हा प्रश्न आता उरलेला नाही. आपल्या कराचाच शिक्का म्हणून वापर चालू आहे. सिगारेटवरही सरकार कर घेते, पण त्या पाकिटाचा ८५ टक्के भाग धोक्याच्या चित्राने झाकायला लावते. इथे नुसता कर आहे, चित्र नाही. जाहिरात क्षेत्राच्या स्वनियामक संस्थेने एप्रिल २०२२ पासून क्रिप्टोच्या जाहिरातीत धोक्याची सूचना घालायला सांगितले हे खरे. पण ती जाहिरातीत. मंगल कार्यालयातल्या सभेला आणि व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या पीडीएफला ती कोण लावणार?

आता ‘गुंतवणूकदाराने स्वतः अभ्यास करावा’ या सल्ल्याविषयी. एक्सचेंजवाले देतात, समाजमाध्यमांवरचे तज्ज्ञ देतात आणि नियामकांच्या इशाऱ्यांचा सूरही तोच असतो. हा अभ्यास म्हणजे नक्की काय, ते एकदा टेबलावर मांडते. माझ्याकडे आर्टिकलशिप (सीएची उमेदवारी) करणारा मुलगा यात तरबेज आहे. गुरुजींचे टोकन आम्ही दोघांनी मिळून उघडून पाहिले.

आधी टोकनच्या कॉन्ट्रॅक्टचा, म्हणजे ते टोकन चालवणाऱ्या प्रोग्रॅमचा, पत्ता मिळवायचा. गंमत म्हणजे माहितीपत्रकात, ज्याला हे लोक व्हाइटपेपर म्हणतात, तो नव्हताच. ग्रुपवरच्या जुन्या मेसेजमध्ये सापडला. तो ब्लॉकचेनच्या (सगळ्या व्यवहारांच्या सामाईक खतावणीच्या) एक्सप्लोररवर, म्हणजे ती खतावणी उघडून दाखवणाऱ्या संकेतस्थळावर, टाकायचा. तिथे होल्डर्सची यादी निघते. शेकडो नावे दिसतात, नावे म्हणजे शून्य-एक्सने सुरू होणारे लांबलचक आकडे. पण पहिल्या चार पत्त्यांकडे जवळजवळ सगळा माल होता. बाकी सगळी गुरुजींसारखी माणसे, उरल्यासुरल्या तुकड्यात. ते चार पत्ते एकाच माणसाचे आहेत की चार माणसांचे, हे एक्सप्लोरर सांगत नाही.

मग कोड. तो उघडा असला तर वाचता येतो, उघडाच नसला तर तिथेच थांबायचे. कोडमध्ये बघायचे असते की नवी टोकने छापायचा अधिकार कोणाकडे राखून ठेवला आहे, एखाद्या पत्त्याला विक्रीबंदी करता येते का, विक्रीवरची कपात नंतर वाढवता येते का. हे वाचायला कोड समजावा लागतो. २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये एका गाजलेल्या कोरियन मालिकेच्या नावावर टोकन निघाले. आठवडाभरात त्याचा भाव २,८०० डॉलरच्या पुढे गेला आणि १ नोव्हेंबरला जवळपास शून्य झाला. ज्यांनी घेतले त्यांतल्या बहुतेकांना मधल्या काळात विकताच येत नव्हते. घेता येत होते, विकता येत नव्हते. भाव चढताना पाहून आनंदलेल्या माणसाला हे विकायला गेल्याखेरीज कळायचे कसे?

त्यानंतर लिक्विडिटी. विकेंद्रित एक्सचेंजवर समोरासमोर गिऱ्हाईक नसते, एक सामाईक साठा असतो. एका बाजूला नवे टोकन, दुसऱ्या बाजूला यूएसडीटीसारखे कुठेही चालणारे नाणे. हा साठा ज्याच्या ताब्यात तो वाटेल त्या क्षणी चालणारे नाणे काढून घेऊन जाऊ शकतो, आणि उरलेल्यांच्या हातात नुसते टोकन राहते. म्हणून तो साठा कुलूपबंद आहे का आणि किती काळासाठी, हे बघायचे. गुरुजींच्या टोकनचा साठा कुलूपबंद होता, पण महिनाभरासाठी. महिना संपला आणि पुढे काय झाले ते वर सांगितलेच आहे.

शेवटी ऑडिट. इथे माझा पारा चढतो, कारण हा माझा पेशा आहे. टोकनच्या पत्रकावर ‘ऑडिटेड’ असा हिरवा बिल्ला होता. ते ऑडिट म्हणजे टोकन काढणाऱ्यानेच पैसे देऊन एका खासगी कंपनीकडून केलेली कोडची तपासणी. जमा झालेला पैसा कुठे गेला हे त्यात तपासत नाहीत, टोकनमागची माणसे कोण हेही नाही. त्या अहवालाच्या आठव्या पानावर ‘मालकाकडे अमर्याद छपाईचा अधिकार आहे’ असे लिहिलेलेही होते. पत्रकावर बिल्ला आला, आठवे पान आले नाही. मी साध्या उलाढालीच्या दाखल्यावर सही करते तेव्हा त्यावर यूडीआयएन, म्हणजे त्या दाखल्याचा स्वतंत्र ओळख क्रमांक, टाकावा लागतो. कोणीही आमच्या संस्थेच्या संकेतस्थळावर जाऊन दाखला खरा आहे का ते बघू शकतो आणि खोटा निघाला तर माझी सनद जाते. टोकनच्या ऑडिटरची काय जाते?

एवढे सगळे केल्यावरही सगळ्यात साध्या प्रश्नांची उत्तरे मिळत नाहीत. विकणारा कोण? राहतो कुठे? माझे पैसे कोणत्या खात्यात गेले? गुरुजींना आणणाऱ्याला त्यातून किती कमिशन मिळाले? ही उत्तरे कोणत्याही ब्लॉकचेनवर नसतात. ती सांगायला कोणालातरी भाग पाडावे लागते आणि तो अधिकार गिऱ्हाइकाकडे नसतो, सरकारकडे असतो. जी माहिती अस्तित्वातच नाही तिचा अभ्यास करा म्हणणे ही थट्टा आहे.

शेअर बाजारात आपण हे करून दाखवले आहे. एखादी कंपनी आयपीओ आणते तेव्हा तिचे माहितीपत्रक सेबीच्या संकेतस्थळावर महिनोनमहिने आधी पडलेले असते. प्रवर्तकांवर कोणते खटले आहेत तेही त्यात असते. त्यांच्या भागांपैकी ठरावीक हिस्सा ठरावीक काळ विकता येत नाही. अर्जदाराचे पैसे भाग मिळेपर्यंत त्याच्याच खात्यात अडकवून ठेवलेले असतात. मुंबई-पुण्याच्या कंपन्यांची जाहिरात इंग्रजी आणि हिंदीबरोबर मराठी दैनिकातही द्यावी लागते. ‘नवशक्ती’त बारीक टायपात येणाऱ्या त्या पानभर जाहिराती कोण वाचतो, असे आम्ही आमच्या ऑफिसात हसत म्हणायचो. पण ते पान छापण्यासाठी कोणालातरी सही करावी लागते, आणि ती सही खोटी ठरली तर त्याला न्यायालयात उभे राहावे लागते. टोकनच्या पीडीएफवर सही नसतेच.

महाराष्ट्राने याची किंमत मोजली आहे. नवी मुंबईत एप्रिल २०१७ मध्ये वनकॉइन नावाच्या क्रिप्टो योजनेच्या सभेवर पोलिसांनी छापा टाकला, १८ जणांना अटक झाली. त्या ‘नाण्या’मागे लोकांना तपासता येईल अशी खरी ब्लॉकचेनच नव्हती. त्याची सूत्रधार रुजा इग्नातोवा त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये गायब झाली आणि २०२२ मध्ये एफबीआयच्या दहा ‘मोस्ट वाँटेड’ आरोपींमध्ये जाऊन बसली. ‘तुमची ब्लॉकचेन कुठे बघायला मिळेल?’ हा एक प्रश्न विक्रीपूर्वी लेखी विचारला गेला असता तर तिथेच भांडे फुटले असते.

गेनबिटकॉइनचे प्रकरण तर पुण्याला तोंडपाठ आहे. बिटकॉइन आमच्याकडे द्या, महिन्याला १० टक्के, १८ महिने, असा वायदा होता. पैसे फिरवणे जमेना तेव्हा परतफेड बिटकॉइनऐवजी एमकॅप नावाच्या घरच्या टोकनमध्ये सुरू झाली, ज्याची किंमत बिटकॉइनच्या जवळपासही नव्हती. पुणे पोलिसांनी २०१८ मध्ये मुख्य आरोपीला पकडले, तो २०२२ च्या जानेवारीत वारला. तपासात मदतीला घेतलेल्या दोन सायबर तज्ज्ञांनाच पोलिसांनी त्याच वर्षी अटक केली, गुन्ह्यातले क्रिप्टो परस्पर वळवल्याच्या आरोपावरून. प्रकरण सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने सीबीआयकडे गेले आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये देशभर छापे पडले. पैसे देणारे अजून वाट बघताहेत. बुडाल्यावर मागे धावण्यात इतकी वर्षे जातात, म्हणून मी विकण्याआधीच्या दाराबद्दल बोलते आहे.

‘अनियंत्रित ठेवींवर बंदीचा २०१९ चा कायदा आहे ना?’ असे कोणी म्हणेल. आहे. पण त्यात ठेव म्हणजे परत करण्याच्या वचनावर घेतलेला पैसा. टोकनवाला म्हणतो, मी ठेव घेतलीच नाही, मी वस्तू विकली. महाराष्ट्राचा ठेवीदार संरक्षण कायदा, १९९९ चा, त्या मानाने ऐसपैस आहे, आणि २०२२ मध्ये ६३ मून्स या कंपनीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने त्यातल्या ठेवीच्या व्याख्येचा व्यापक अर्थ लावला. तरी तो लावायचा की नाही हे ज्या त्या पोलीस ठाण्यातल्या साहेबांवर. गुरुजींना तर तक्रारीचा कागद घेतल्याची पोचसुद्धा मिळाली नाही.

जगात कोणी हे केलेच नाही असेही नाही. युरोपीय संघाचा क्रिप्टोविषयक ‘मायका’ कायदा ३० डिसेंबर २०२४ पासून पूर्णपणे लागू आहे. तिथे टोकन लोकांना विकायचे तर ठरावीक मजकुराचा व्हाइटपेपर आधी नियामकाला कळवावा लागतो. नियामक त्याला मंजुरी देत नाही, आणि ‘याला कोणत्याही सक्षम प्राधिकरणाची मंजुरी नाही’ हे वाक्य पहिल्याच पानावर छापावे लागते. मान्यतेची भीती वाटणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावे. मजकूर दिशाभूल करणारा निघाला तर काढणारा जबाबदार. बाजारात अजून न आलेले टोकन थेट विक्रेत्याकडून घेणाऱ्या सामान्य गिऱ्हाइकाला १४ दिवसांत पैसे परत मागता येतात. छोट्या विक्रीला सवलती आहेत, पळवाटाही असतील. परदेशातल्या अनामिक पत्त्यावरून काढलेले टोकन कोणताच कागद रोखू शकत नाही, हे मलाही कळते. पण मंगल कार्यालय अनामिक नसते. कोट घातलेल्या मुलाचा फोन नंबर असतो आणि पहिला रुपया बँकेतूनच किंवा यूपीआयनेच निघतो.

तेव्हा मागण्या अशा आहेत.

भारतात, रुपये घेऊन किंवा भारतीय ग्राहकाला गाठून नवे टोकन विकणाऱ्या प्रत्येकाने विक्रीपूर्वी माहितीपत्रक एका सार्वजनिक ठिकाणी दाखल करावे. त्यावर पॅन असलेल्या खऱ्या माणसांची सही असावी. एकूण टोकने किती, काढणाऱ्याकडे आणि त्याच्या नातेवाइकांकडे किती, ती कधीपर्यंत बंद, नवी छापायचा किंवा गोठवायचा अधिकार कोणाकडे, जमलेला पैसा कुठे ठेवणार, आणणाऱ्याला कमिशन किती, एवढे तरी त्यात हवेच. ऑडिट झाले असेल तर पूर्ण अहवाल जोडावा, बिल्ला नव्हे.

या पत्रकाचा चार पानांचा सारांश मराठीसह सर्व राज्यभाषांत असावा. सभा मराठीत होते, कागद इंग्रजीत असतो.

प्रीसेलमध्ये घेतलेल्या टोकनसाठी १४ दिवसांत पैसे परत मागण्याचा हक्क मिळावा आणि तोवर पैसा विक्रेत्याच्या हाती जाऊ नये.

नोंदणीकृत एक्सचेंजने नवे टोकन बाजारात आणताना त्यासाठी किती शुल्क घेतले आणि स्वतःकडे किती टोकने आहेत, हे जाहीर करावे.

एका टोकनमधला तोटा दुसऱ्या टोकनच्या नफ्यातून वजा करू द्यावा, आणि मृत टोकनचा तोटा कसा दाखवायचा याचे परिपत्रक काढावे. बुडाल्यावर कर भरायला लावणारे दुसरे खाते मला तरी माहीत नाही.

आणि तक्रार घेणारे एकच कार्यालय ठरवावे. सेबी असो, रिझर्व्ह बँक असो, नवे असो. ते कोणते, हे आधी जाहीर व्हावे. बाकी नियमांना वेळ लागेल हे मी समजू शकते, पण या एका गोष्टीसाठी कायदा लागत नाही.

माहितीपत्रकाचा नमुना मी मराठीत आणि इंग्रजीत तयार केला आहे. मंत्रालयाने मागवल्यास पाठवीन. इतर सनदी लेखापालांनी, वकिलांनी आणि पतसंस्थांच्या पदाधिकाऱ्यांनी त्यात दुरुस्त्या सुचवाव्यात, ही विनंती.

कळावे,
आपली,
एक सनदी लेखापाल
कराड, जि. सातारा